शरीराचे पुनरुत्थान की आत्म्याचे अमरत्व? आद्य मंडळीची साक्ष आणि आपला अंत्यविधीचा उपदेश

पाळकाचे पुष्कळसे उपदेश मंडळी कालांतराने विसरून जाते. परंतु उघड्या कबरेच्या काठी बोललेले चार शब्द घरातील माणसे वर्षानुवर्षे जतन करून ठेवतात. म्हणूनच त्या ठिकाणी आपण कोणती आशा सांगतो याचा विचार प्रत्येक पाळकाने व उपदेशकाने, शोकाचा प्रसंग येण्यापूर्वीच, शांतपणे करून ठेवणे अगत्याचे आहे. आपल्या मराठी मंडळ्यांत अशा वेळी सामान्यतः पुढील आशयाचे बोलणे कानी पडते : देह नाशवंत होता, तो मातीस मिळाला; आत्मा अमर आहे, तो बंधनातून सुटला; पिंजरा राहिला, पक्षी उडाला. हे बोलणे कनवाळूपणाचे आहे, आणि त्यात सत्याचा काही अंशही आहे. पण प्रेषितांनी मंडळीच्या हाती सोपविलेली आशा ती हीच काय? ह्या प्रश्नाचे उत्तर आद्य मंडळीच्या लेखनात शोधावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा प्रश्न केवळ ग्रंथांतला नव्हे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागाचे उदाहरण घ्यावे. दौलतराव शिंदे ह्यांच्या छावणीभोवती हे शहर वाढले, आणि शिंद्यांच्या दरबाराबरोबर आलेली मराठी घराणी येथे पिढ्यान्पिढ्या नांदत आली. माधवगंजासारख्या मोहल्ल्यात ज्याचे येणे-जाणे आहे अशा ख्रिस्ती सेवकाला मराठी शेजाऱ्यांच्या सुखदुःखात सहभागी व्हावेच लागते. जीर्ण वस्त्र टाकून नवे धारण करण्याचा गीतेतील दृष्टांत त्या घरांतून लहान मुलांनाही ठाऊक असतो. त्याच नगरात फूलबागेजवळ झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. जून १८५८ मध्ये त्या रणात पडल्यावर त्यांचा देह अग्नीच्या स्वाधीन करण्यात आला. अशा परिसरात ख्रिस्ती माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला : आत्मा अमर आहे असे आम्हीही मानतो, मग तुमच्या आशेत वेगळे ते काय? दुसरा : तुम्ही देह पुरता, आम्ही दहन करतो, जो देह राख झाला, नदीत वाहून गेला, तो तुमचा देव कोठून उठविणार? हे दोन्ही प्रश्न नवे नाहीत. दुसऱ्या व तिसऱ्या शतकांत ते ग्रीक व लॅटिन भाषांतून जवळजवळ ह्याच स्वरूपात विचारले गेले होते, आणि मंडळीने त्यांना उत्तरे दिली होती.

१. शब्दांची अडचण

प्रथम आपल्या शब्दांकडे पाहू. नव्या करारातील 'प्न्यूमा' ह्या ग्रीक शब्दासाठी मराठीत 'आत्मा' हा शब्द रूढ झाला आणि 'पवित्र आत्मा' ही संज्ञा त्यावरून बनली. 'प्स्युखे' ह्या शब्दासाठी 'जीव' किंवा 'प्राण', 'सोमा' ह्यासाठी 'शरीर' आणि 'सार्क्स' ह्यासाठी बहुधा 'देह' असे शब्द वापरले जातात. ही भाषांतरे योग्यच आहेत. तथापि 'आत्मा' ह्या शब्दाला आपल्या भाषेत एक दीर्घ तात्त्विक इतिहास आहे. वेदान्ताच्या परिभाषेत आत्मा म्हणजे जे कधी जन्मले नाही व कधी मरत नाही असे तत्त्व. आपण कबरेजवळ 'आत्मा अमर आहे' असे म्हणतो तेव्हा आपल्या मनात ख्रिस्ती अर्थ असला, तरी ऐकणाऱ्याच्या मनात हा दुसरा अर्थ जागा होतो. शब्द एकच, परंतु सिद्धान्त दोन.

असाच घोटाळा 'पुनरुत्थान' व 'पुनर्जन्म' ह्या शब्दांत होतो. पुनर्जन्मात जीव एक शरीर सोडून दुसरे घेतो. शरीर बदलते, फेरा चालू राहतो. पुनरुत्थानात जो मनुष्य मेला तोच मनुष्य, शरीरासह, पुन्हा कधी न मरण्यासाठी एकदाच उठविला जातो. त्यातच योहानाच्या तिसऱ्या अध्यायातील 'नवा जन्म' हा तिसरा विषय आहे. तो ह्याच आयुष्यातील आत्मिक पालटाविषयी आहे. बाप्तिस्म्याच्या उमेदवारांना शिकविताना ह्या तिन्ही गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या नाहीत, तर पुढे आयुष्यभर त्या एकमेकींत मिसळून राहतात.

२. पौलाचे उत्तर

आद्य मंडळी ज्या ग्रीक जगात वाढली त्यात आत्म्याच्या अमरत्वाची कल्पना नवी नव्हती. प्लेटोच्या 'फायडो' ह्या संवादात सॉक्रेटिस विषप्राशनापूर्वी आपल्या शिष्यांना हेच समजावून सांगतो की, मृत्यू म्हणजे आत्म्याची शरीरापासून सुटका. ग्रीकांमध्ये 'सोमा' म्हणजे शरीर आणि 'सेमा' म्हणजे थडगे असा शब्दांचा खेळही प्रचलित होता. म्हणून पौलाने अथेनैमध्ये केवळ आत्म्याच्या अमरत्वाचा उपदेश केला असता, तर त्याची थट्टा झाली नसती. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७ मध्ये लूक स्पष्टपणे नोंदवितो की, मृतांच्या पुनरुत्थानाचा उल्लेख होताच श्रोत्यांतील काही लोक हसू लागले. जिचा त्यांना अडथळा झाला ती गोष्ट म्हणजे शरीर.

ही आशा यहूदी लोकांत वाढली होती. दानीएलाच्या पुस्तकाच्या १२ व्या अध्यायात मातीत निजलेले जागे होतील असे वचन आहे. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाच्या ७ व्या अध्यायातील सात भाऊ छळ सोसताना, देवाने दिलेले अवयव देवच परत देईल, ह्या भरवशाने मरण पत्करतात. सदूकी लोकांनी ही आशा नाकारली, परूश्यांनी ती मान्य केली. प्रेषितांच्या साक्षीतील नवेपणा असा की, शेवटल्या दिवशी व्हावयाचे जे उत्थान ते एका मनुष्याच्या बाबतीत आधीच घडून आले आहे. रिकामी कबर, जखमांच्या खुणा असलेले हात, शिष्यांसमक्ष घेतलेला माशाचा तुकडा, ह्या सर्वांतून शुभवर्तमानकारांना हेच सांगावयाचे आहे की, उठलेला प्रभू म्हणजे केवळ प्रभूचा आत्मा नव्हे.

करिंथ येथील काही विश्वासणाऱ्यांना मात्र मृतांचे पुनरुत्थान पटत नव्हते. त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायात पौल बीजाचा दृष्टांत देतो. पेरलेला दाणा आणि उगवलेले कणीस ह्यांत सातत्य आहे, पण दोन्ही सारखी दिसत नाहीत. जे पेरले जाते ते प्राणमय शरीर. जे उठविले जाते ते आध्यात्मिक शरीर. येथे एक गैरसमज टाळावयास हवा. 'आध्यात्मिक शरीर' म्हणजे वायूसारखे, शरीर नसलेले असे काहीतरी नव्हे. पवित्र आत्मा ज्याचे जीवन आहे व ज्याच्यावर मरणाचा अधिकार उरलेला नाही असे ते शरीरच होय. त्याच अध्यायाच्या शेवटी पौल अमरत्वाचा उल्लेख करतो, पण कसा? जे मर्त्य आहे ते अमरत्व धारण करील असे तो म्हणतो. म्हणजे अमरत्व हा मनुष्याच्या आत दडलेला मूळचा गुण नसून देवाने वरून घातलेले वस्त्र आहे. गीतेतील वस्त्राच्या दृष्टांताशी हा दृष्टांत ताडून पाहिला म्हणजे भेद आपोआप उघड होतो. तेथे आत्मा शरीररूपी वस्त्र टाकतो. येथे मर्त्य मनुष्याला अमरत्वाचे वस्त्र मिळते. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (६:१६) तर अमरत्व केवळ देवाचेच म्हटले आहे.

३. जीव अनादि की निर्मित?

दुसऱ्या शतकात ह्या मुद्द्याची छाननी अधिक बारकाईने झाली. जस्टिन हा प्लेटोच्या मतातून ख्रिस्ताकडे आलेला तत्त्वज्ञ. सुमारे १६५ साली तो रोममध्ये हुतात्मा झाला. 'ट्रायफोशी संवाद' ह्या ग्रंथाच्या आरंभी तो आपल्या मतपालटाची हकीकत देतो. तीत एक वृद्ध ख्रिस्ती मनुष्य त्याला दाखवून देतो की, जीव स्वभावतःच अमर मानला तर तो अजन्मा, म्हणजे देवाच्या बरोबरीचा, ठरेल. जीवाला जीवन आहे ते देवाच्या इच्छेने. तो स्वतः जीवन नव्हे. त्याच ग्रंथाच्या ८० व्या अध्यायात जस्टिन आणखी पुढे जातो : मृतांचे पुनरुत्थान नाही, मरताक्षणीच जीव स्वर्गात नेला जातो व तेवढेच पुरे, असे म्हणणाऱ्यांना ख्रिस्ती समजू नये, असा इशारा तो देतो. आपल्या आजच्या कित्येक अंत्यविधींतील उपदेशांना हा इशारा लागू पडेल, ही गंभीर गोष्ट आहे.

जस्टिनचा शिष्य टेशियन ह्यानेही जीव आपल्या ठायी अमर नाही असेच लिहिले. अंत्युखियाचा बिशप थिओफिलस ह्याने मध्यम मार्ग सांगितला : देवाने मनुष्याला मर्त्यही केले नाही व अमरही केले नाही, तर दोहोंपैकी कोणत्याही दिशेने जाण्यास समर्थ असे केले, आज्ञापालनाने त्याला अमरत्वाचे पारितोषिक मिळावे ही देवाची योजना होती.

हाच मुद्दा आपल्या लोकांतील एका थोर विद्वानाने एकोणिसाव्या शतकात स्वतंत्रपणे मांडला. नीळकंठशास्त्री गोऱ्हे ह्यांचा जन्म १८२५ मध्ये झाशीजवळ बुंदेलखंडात, म्हणजे ग्वाल्हेरच्या शेजारीच, एका मराठी ब्राह्मण कुटुंबात झाला. ते काशीत वाढले, १८४८ मध्ये जौनपूर येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला व पुढे ते नेहेम्या गोऱ्हे ह्या नावाने प्रसिद्ध झाले. त्यांच्या 'षड्दर्शनदर्पण' ह्या हिंदी ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १८६२ मध्ये कलकत्त्यास निघाला. दर्शनकार जीवाला अनादि मानतात, म्हणजेच देवाला त्याचा निर्माता मानीत नाहीत, हा त्यांच्या टीकेतील एक प्रमुख मुद्दा आहे. जस्टिनने प्लेटोला जे विचारले तेच गोऱ्हे ह्यांनी शास्त्री-पंडितांना विचारले : जीव जर कोणी निर्माण केलेलाच नाही, तर तो देवाचा ऋणी कसा? येथे वाद अमरत्वाच्या शब्दावर नाही, निर्मितीवर आहे. देवाने मला निर्माण केले असेल तर माझे जगणे ही देणगी आहे, आणि मरणानंतरचे जगणेही देणगीच असणार.

ह्याचा अर्थ सर्व आद्य लेखकांनी आत्म्याचे अमरत्व नाकारले असा कोणी घेऊ नये. टर्टुलियनने जीव अमर आहे असे मानले; ओरिजेन व ऑगस्टिन ह्यांनीही ते मानले, आणि पुढे मंडळीत हेच मत स्थिर झाले. मृत्यू व पुनरुत्थान ह्यांच्या मधल्या काळात विश्वासणारा ख्रिस्ताजवळ असतो, ही पौलाची (फिलिप्पै १:२३) व क्रूसावरील चोराला दिलेल्या वचनाची साक्ष मंडळीने कधीच सोडली नाही. परंतु ज्यांनी आत्म्याचे अमरत्व मानले त्यांनीही ते तारणाची परिपूर्ती मानले नाही. टर्टुलियननेच देहाच्या पुनरुत्थानावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला व तारणाचा दरवाजा ज्या बिजागरीवर फिरतो ती बिजागरी म्हणजे देह होय, असा विचार मांडला. बाप्तिस्म्याचे पाणी देहावर पडते, प्रभुभोजन देह घेतो, हात देहावर ठेवले जातात. मग तारणाच्या शेवटच्या दिवशी देहालाच वगळावे कसे? सुमारे १८० साली लिओं येथील बिशप आयरिनियस ह्याने नॉस्टिक पंथीयांना हाच प्रश्न केला होता. देह हे हीन देवाचे काम आहे असे ते मानीत. त्यांना उत्तर देण्यासाठी रोमच्या जुन्या मतांगीकारात 'देहाचे पुनरुत्थान' असे रोखठोक शब्द राहिले. आपण दर रविवारी प्रेषितांच्या मतांगीकारात ते उच्चारतो.

४. राखेचा प्रश्न

आता दुसरा प्रश्न. रोमी साम्राज्यात पहिल्या शतकात दहनाची चाल सर्रास होती, आणि ख्रिस्ती लोक यहूद्यांप्रमाणे मृतांना पुरत. मृतांच्या जागेला त्यांनी 'कोयमेतेरियोन', म्हणजे निजण्याची जागा, असे नाव दिले. हा भेद त्यांच्या शत्रूंच्या नजरेतून सुटला नाही. १७७ साली लिओं येथे मोठा छळ झाला. तेथील मंडळीने आशियातील बंधूंना पाठविलेले पत्र इतिहासकार युसेबियस ह्याने जतन केले आहे. त्यात असे सांगितले आहे की, हुतात्म्यांची शरीरे सहा दिवस उघड्यावर ठेवली गेली, मग जाळून राख करण्यात आली आणि ती राख ऱ्होन नदीत टाकण्यात आली. हेतू असा की, ह्या लोकांना पुनरुत्थानाची आशाच उरू नये. मारणाऱ्यांना वाटले, ह्यांच्या देवाला आपण हरविले. पत्र लिहिणाऱ्यांना मात्र तसे मुळीच वाटले नाही. राख नदीत गेली म्हणून आपले बंधू गमावले, असा विलाप त्या पत्रात नाही.

मिनुशियस फेलिक्स ह्याच्या 'ऑक्टेव्हियस' ह्या लॅटिन संवादातही हाच आक्षेप येतो, आणि त्याचे उत्तर फार मार्मिक आहे. त्याचा आशय असा : दहनाने आमचे काही नुकसान होईल अशी भीती आम्हांला नाही, आम्ही पुरतो ते केवळ जुनी व अधिक चांगली चाल म्हणून. शरीर धूळ होवो, पाणी होवो, राख होवो की धूर होवो, ते आपल्या दृष्टीआड झाले तरी देवाच्या राखणीत आहे. एथेनागोरस ह्याच्या नावे असलेल्या पुनरुत्थानावरील ग्रंथात याहूनही अवघड शंका घेतली आहे : श्वापदांनी वा माशांनी खाल्लेल्या आणि पुन्हा इतरांच्या अन्नात मिसळलेल्या शरीराचे काय? उत्तराचा गाभा एकच. ज्याने आरंभी नव्हते ते केले, त्याला विखुरलेले गोळा करणे अवघड नाही.

तिसऱ्या शतकात ओरिजेनने ह्यात आणखी एक विचार घातला. शरीरातील द्रव्य तर जिवंतपणीही नदीच्या पाण्यासारखे सतत बदलत असते. तेव्हा तेच कण परत मिळणे महत्त्वाचे नसून मनुष्याची जी विशिष्ट ठेवण, तीच टिकणे महत्त्वाचे, असे त्याचे मत होते. मेथोडियसने ह्यावर कडक टीका केली. त्याच्या मते ह्याने देहाचे खरेपण नाहीसे होते. मंडळीने दोहोंकडून शिकावे असे वाटते. कणांचा हिशेब मागणे हा विश्वास नव्हे. पण उठणारे शरीर हे माझेच, ह्याबद्दल शंका ठेवणे हाही विश्वास नव्हे.

सर्वांत मोलाचा पाळकीय विचार ऑगस्टिनचा आहे. ४१० साली रोम लुटले गेले तेव्हा असंख्य ख्रिस्ती प्रेते पुरल्यावाचून पडून राहिली. 'देवनगरी'च्या पहिल्याच पुस्तकात, आणि पुढे मृतांच्या काळजीविषयीच्या छोट्या ग्रंथात, तो सांगतो की, अंत्यविधीचा थाट हा मृतांच्या साहाय्यापेक्षा जिवंतांच्या सांत्वनासाठी अधिक आहे. कबर न मिळाल्याने विश्वासणाऱ्याची काहीही हानी होत नाही. मात्र लगेच तो बजावतो की, म्हणून शरीराची हेळसांड करू नये. बापाचे वस्त्र वा अंगठी मुलांना प्रिय असते. मग ज्या शरीराच्या द्वारे पवित्र आत्म्याने सत्कर्मे केली ते तुच्छ कसे मानावे? ख्रिस्ती लोक मृतांची जी काळजी घेत ती त्यांच्या विरोधकांनाही दिसत होती. बादशहा जूलियन ह्याने ३६२ साली आपल्या एका याजकाला लिहिताना, ख्रिस्ती मत वाढण्याच्या कारणांत मृतांच्या दफनाची काळजी हेही एक कारण सांगितले आहे.

आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासातही ह्याचे एक स्मरणीय उदाहरण आहे. नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत निवर्तले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाचे दहन झाले व त्यांची रक्षा अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे ठेवण्यात आली. मराठी ख्रिस्ती मंडळीत दफनाची रीत असताना त्यांनी हा मार्ग निवडला. पण त्यामुळे त्यांच्या पुनरुत्थानाच्या आशेला बाध आला असे म्हणण्यास आद्य मंडळीच्या शिकवणीत काहीच आधार नाही. रोमन कॅथॉलिक मंडळीनेही १९६३ मध्ये, पुनरुत्थान नाकारण्याच्या हेतूने केलेले नसल्यास, दहनाची मनाई उठविली. २०१६ च्या सूचनापत्रात दफनाला अग्रक्रम देऊन रक्षा पवित्र स्थळी ठेवावी असे सांगितले.

५. आपल्या सेवेसाठी

ह्या विवेचनावरून पाळक व उपदेशक ह्यांना पुढील गोष्टी ध्यानात ठेवता येतील.

(अ) सांत्वन करताना 'आत्मा अमर आहे' एवढ्यावर थांबू नये. 'तो ख्रिस्ताजवळ आहे, आणि ख्रिस्त त्याला उठवील' असे दोन भागांत सांगावे. पहिला भाग विसाव्याचा आहे, दुसरा आशेचा. पहिला सांगून दुसरा गाळला, तर आपण शेजाऱ्यांना जे आधीच ठाऊक आहे तेच सांगितले असे होईल.

(आ) शरीराला पिंजरा, तुरुंग किंवा टरफल म्हणू नये. ज्या आईने त्या शरीराला न्हाऊ-माखू घातले, ज्या पत्नीने आजारपणात त्याची सेवा केली, तिला त्या शरीराची किंमत आपल्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. तिचे रडणे अविश्वासाचे नाही. थेस्सलनीकाकरांना पौलाने शोक करू नका असे लिहिले नाही. आशाहीन लोकांसारखा शोक करू नका, असे लिहिले.

(इ) ज्यांचा देह अपघातात, आगीत, पुरात किंवा साथीच्या दिवसांत हाती लागला नाही किंवा दहन करावा लागला, त्यांच्या कुटुंबांना अपराधी वाटू देऊ नये. लिओंच्या हुतात्म्यांची हकीकत त्यांना अवश्य सांगावी. एखाद्या घरात काही नातलग ख्रिस्ती व काही हिंदू असतात आणि अंत्यविधीवरून तंटा उद्भवतो. अशा वेळी चाल व विश्वास ह्यांतील भेद ऑक्टेव्हियसने केला तसा करावा. दफन ही आपली सुंदर साक्ष आहे, ती टिकवावी. पण तारण तिच्यावर अवलंबून नाही.

(ई) शेजाऱ्यांच्या श्राद्धाची, समाधीची वा छत्रीची थट्टा करू नये. गेलेल्या माणसाचे काहीतरी राहावे, ही त्यामागची ओढ खरी आहे. आपण त्या ओढीला उत्तर द्यावयाचे आहे, आणि उत्तर देणाऱ्याने प्रश्नाचा मान राखलाच पाहिजे.

(उ) पुनरुत्थानाची शिकवण केवळ मृतांसाठी नाही. जे शरीर देव उठविणार आहे त्याची उपासमार, मारहाण वा विटंबना मंडळीने निमूटपणे पाहू नये. रोगी, वृद्ध, महारोगी व अपंग ह्यांची सेवा ख्रिस्ती लोकांनी आरंभापासून केली, त्यामागे हाच विश्वास होता.

ह्या सर्वांचे सार थोडक्यात असे. आत्म्याचे अमरत्व मनुष्याविषयी काहीतरी सांगते; शरीराचे पुनरुत्थान देवाविषयी सांगते. पहिल्यात, आपल्यात न मरणारे काय आहे, हे आपण शोधतो. दुसऱ्यात, आपले सर्वस्व मरणाधीन झाले तरी जो मृतांना जिवंत करतो त्याच्यावर आपण विसंबतो. कबरेच्या काठी उभ्या असलेल्या शोकाकुल मंडळीला स्वतःच्या आत्म्याच्या सामर्थ्याकडे नव्हे, तर त्या देवाच्या विश्वासूपणाकडे पाहावयास शिकविणे, हीच आपली सेवा होय.